सहीचं चित्र म्हणजे सही नव्हे: सरकारी कागदपत्रांवरची डिजिटल सही समजून घेताना

काटोलकडचे एक काका गेल्या महिन्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसले. त्यांच्या भागातल्या संत्रा बागायतदारांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली आहे आणि काका तिचे संचालक आहेत. एका सरकारी पोर्टलवर जोडलेलं त्यांचं पत्र परत आलं होतं. शेरा एवढाच, की वैध सही नाही. काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, सही तर दिसून राहिली ना! माह्यीच आहे. मंग परत कायले पाठवलं?"

सही खरंच दिसत होती. कोऱ्या कागदावर निळ्या शाईनं केलेली, मोबाइलनं फोटो काढून, कडा कापून, पत्राच्या शेवटी नीट चिकटवलेली. माणूस खरा, सही त्याच्याच हातची, मजकूरही खरा. तरीही पोर्टलच्या लेखी त्या पत्रावर सही नव्हतीच.

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या आसपास ऑनलाइन अर्ज आणि विवरणपत्रं भरून देणारे आमच्यासारखे बरेच जण आहेत. इतवारीतले व्यापारी येतात, बुटीबोरी आणि हिंगण्याचे लघुउद्योजक येतात, कळमेश्वर-उमरेडहून शेतकरी येतात. सगळ्यांची अडचण फिरून फिरून याच जागी अडते. म्हणून हा विषय एकदा मुळापासून सांगावासा वाटला.

कागदावरची सही आपण ओळखतो ती तिच्या आकारावरून. वाद झालाच तर हस्ताक्षरतज्ज्ञ शाई, दाब, हाताचं वळण तपासतो. फोटोतल्या सहीला यातलं काहीच नसतं. तुमच्या जुन्या अर्जावरची सही कोणीही कापून हजार फायलींवर चिकटवू शकतो, आणि हजारही सारख्याच खऱ्या दिसतील. म्हणून कायद्यानं संगणकावरच्या सहीसाठी आकार हा निकषच ठेवला नाही.

आपल्याकडे हा कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००. तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५ सांगतं, की जिथे कायद्याला सही हवी आहे तिथे विहित पद्धतीनं केलेली इलेक्ट्रॉनिक सही चालेल. सगळं वजन त्या 'विहित पद्धतीनं' या शब्दांवर आहे. सुरुवातीला फक्त डिजिटल सिग्नेचर हाच एक प्रकार मान्य होता. पुढे २००८ च्या दुरुस्तीनं, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, 'इलेक्ट्रॉनिक सही' असा मोठा कप्पा तयार झाला आणि नव्या पद्धतींना वाट मिळाली. पण कोणती पद्धत विश्वासार्ह म्हणायची, याच्या अटी त्याच दुरुस्तीत आल्या. सही करण्याचं साधन त्या माणसाशीच जोडलेलं असावं, दुसऱ्या कोणाशी नाही. सही करतेवेळी ते साधन त्याच्याच ताब्यात असावं. आणि सही झाल्यानंतर सहीत किंवा मजकुरात कोणी हात घातला, तर ते कळून यावं.

ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याला नवीन नाही. आपण 'शिक्कामोर्तब' हा शब्द रोज वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात येत नाही. शिवकालीन राजपत्रांवर वर शिक्का असे. पत्र कोणाचं, हे त्यावरून कळे. मजकूर जिथे संपे तिथे दुसरी, छोटी मुद्रा उमटवत: 'मर्यादेयं विराजते'. ही मोर्तब. इथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे एखादी ओळ आढळली तर ती आमची नव्हे, असा तिचा अर्थ. डिजिटल सही ही दोन्ही कामं एकदम करते. कोणाची, हे सांगते. आणि कुठवरचा मजकूर त्या माणसानं मान्य केला, हेही बांधून टाकते.

हे बांधणं कसं होतं ते पाहू. तुम्ही सही करता तेव्हा संगणक आधी फाइलमधल्या मजकुरावरून एक ठसा काढतो. त्याला 'हॅश' म्हणतात. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत हा ठसा ६४ अक्षर-अंकांची एक ओळ असतो. फाइल एका पानाची असो की पाचशे पानांची, ओळ तेवढीच. गंमत अशी, की मजकुरात ०.८१ हेक्टरचं ०.८२ केलं, तर ओळीतला एखाद-दुसरा अंक बदलत नाही, ती जवळजवळ सगळीच बदलते. हा ठसा मग तुमच्या खासगी किल्लीनं कुलूपबंद होतो. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, जी फक्त तुमच्याकडे असते. तिची जोडीदार, म्हणजे सार्वजनिक किल्ली, सगळ्यांना मिळू शकते. कार्यालयातला संगणक सार्वजनिक किल्लीनं ते कुलूप उघडतो, समोरच्या फाइलचा स्वतः नव्यानं ठसा काढतो आणि दोन्ही ठसे जुळवून पाहतो. जुळले, तर फाइल तीच आहे आणि सही त्याच किल्लीची आहे. नाही जुळले, तर मोर्तब फुटली.

आता ती किल्ली काकांचीच हे कार्यालयाला कसं कळावं? त्यासाठी प्रमाणपत्र असतं. केंद्र सरकारचं एक कार्यालय आहे, कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, थोडक्यात सीसीए. ते काही संस्थांना परवाना देतं. ई-मुद्रा, एन-कोड, कॅप्रिकॉर्न, सी-डॅक ही त्यातली काही नावं. या संस्था तुमचं पॅन, आधार, मोबाइल तपासतात, व्हिडिओवर तुम्हाला बोलायला लावतात आणि मग 'ही सार्वजनिक किल्ली या माणसाची' असं प्रमाणपत्र देतात. आपण ज्याला बोलीत 'डीएससी' म्हणतो ते हेच. ते पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये मिळतं, टोकनला पिन असतो, आणि मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. पूर्वी क्लास टू नावाचा प्रकार खूप चालायचा. १ जानेवारी २०२१ पासून तो देणं बंद झालं, आता क्लास थ्रीच घ्यावं लागतं. कोणी अजूनही 'स्वस्तात क्लास टू देतो' म्हणत असेल, तर उठून चालू लागा.

ज्याला वर्षातून एखादवेळी सही करायची, त्यानं टोकन विकत घेण्याची गरज नसते. त्याच्यासाठी आधारवर चालणारी ई-साइन आहे. तिचे नियम २०१५ मध्ये आले. तुम्ही आधार क्रमांक टाकता, नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की पडद्याआड तुमच्या नावाची किल्ली तयार होते, प्रमाणपत्र निघतं, सही होते आणि किल्ली लगेच नष्ट केली जाते. प्रमाणपत्राचं आयुष्य जेमतेम अर्ध्या तासाचं. सही मात्र टिकून राहते, कारण ती झाली त्या क्षणी प्रमाणपत्र जिवंत होतं. टोकनच्या सहीलाही हाच न्याय. तुमच्या डीएससीची मुदत आज संपली म्हणून गेल्या वर्षीच्या सह्या बाद होत नाहीत. मुदत संपल्यावर केलेली सही मात्र बाद.

लोक मला विचारतात, "मग कोणती घेऊ?" याचं उत्तर मी देऊ शकत नाही, ते पोर्टल देतं. कायद्याचं कलम ६ सरकारी कार्यालयांना इलेक्ट्रॉनिक अर्ज आणि सह्या स्वीकारण्याची मुभा देतं, पण कोणत्या रीतीनं, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनाच देतं. त्यामुळे घराघराची चूल वेगळी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालकांना डीएससी लागतेच, आणि ती आधी तिथे नोंदवावीही लागते. जीएसटीत कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर डीएससी, एकट्या मालकीच्या दुकानदाराला मोबाइलवर येणारा कोड पुरतो. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणाऱ्या नोकरदाराला डीएससीची काही गरज नाही. आधार ओटीपीनं किंवा बँक खात्यावरून पडताळणी केली की झालं. किंवा पावतीवर शाईनं सही करून ती बंगळुरूला टपालानं पाठवायची. मात्र ही पडताळणी करण्याची मुदत १ ऑगस्ट २०२२ पासून १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आली आहे, आणि ती चुकली तर विवरणपत्र वेळेत भरूनही उशिरा भरल्यासारखं धरलं जातं. दरवर्षी एकदोघं तरी यात सापडतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण खरं अवघड काम त्यांनी केलेलं असतं.

सरकारी टेंडर भरणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. काही ठिकाणी सहीच्या प्रमाणपत्रासोबत एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचं, प्रमाणपत्रही मागतात. टोकन घेतानाच दोन्ही हवीत का ते विचारून घ्या. आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरण करा. नवं प्रमाणपत्र मिळालं तरी पोर्टलवर ते नव्यानं नोंदवावं लागतं, आणि शेवटच्या तारखेच्या दुपारी ते कधीही जुळत नाही.

एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण सांगायलाच हवी. 'कायद्यानं डिजिटल सही मान्य आहे, तुम्हाला माझा अर्ज ऑनलाइन घ्यावाच लागेल' असं खिडकीवर भांडता येत नाही. कलम ९ स्पष्ट म्हणतं, की एखाद्या सरकारी कार्यालयानं इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच कागद स्वीकारावा, असा हट्ट धरण्याचा हक्क या तरतुदींतून कोणाला मिळत नाही. कार्यालयानं कागदच मागितला, तर कागद द्यावा लागतो. काही दस्तांना तर हा कायदा लागूच नाही. मृत्युपत्र त्यात येतं, विश्वस्त दस्त म्हणजे ट्रस्ट डीडही. मुखत्यारपत्राचंही सर्वसाधारणपणे तेच, फक्त रिझर्व्ह बँक, सेबी अशा नियामकांच्या कक्षेतल्या संस्थांच्या नावे दिलेल्या मुखत्यारपत्राला २०२२ मध्ये सूट मिळाली. आईवडिलांचं मृत्युपत्र पीडीएफमध्ये ई-साइन करून निश्चिंत बसलेलं एक कुटुंब मी पाहिलं आहे. वेळेत लक्षात आलं, कागदावर दोन साक्षीदारांसमोर नीट करून घेतलं.

आता चुकांबद्दल. सर्वांत महाग पडलेली माझी स्वतःची सांगते. काम सुरू करून वर्ष झालं नव्हतं. एका गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्ष आणि सचिवांनी आपापल्या टोकननं सही केलेली फाइल माझ्याकडे आली, अपलोड करायला. पोर्टलची मर्यादा २ एमबी, फाइल ५ एमबीची. मी ती एका वेबसाइटवर टाकून लहान केली, मागे दोन जोडपत्रं जोडली आणि चढवली. दहा दिवसांनी अर्ज फेटाळला गेला. फाइल लहान करताना आतला मजकूर नव्यानं लिहिला जातो. पानं दिसायला तीच, पण ठसा बदललेला, आणि दोन्ही सह्या गेलेल्या. त्या काळात सचिव गावी गेले होते, टोकन त्यांच्यासोबत. संस्थेचा दीड महिना माझ्यामुळे वाया गेला.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एकच क्रम चालतो. आधी मजकूर पक्का करायचा, जोडपत्रं जोडायची, आकार कमी करायचा, फाइलचं नावसुद्धा आधीच ठरवायचं. सही सगळ्यात शेवटी. सहीनंतर फाइलला हात लावायचा नाही. दोघांची सही हवी असेल तर पहिल्यानं सही केलेली फाइल जशीच्या तशी दुसऱ्याला पाठवायची, त्यानं त्यावरच सही करायची. असं केलं तर पहिली सही शाबूत राहते. मध्ये कोणी 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की संपलं.

आणि छापणं. डिजिटल सही केलेलं पत्र छापून, पुन्हा स्कॅन करून जोडणारे लोक अजूनही रोज भेटतात. छापल्यावर कागदावर राहतो तो सहीचा चौकोन, त्यातलं नाव आणि तारीख. तेही चित्रच. सही फाइलमध्ये असते, कागदावर उतरत नाही.

मग सरकारनं आपल्याला दिलेल्या डिजिटल सहीच्या कागदांचं काय? महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. आपले सरकारवरून काढलेले उत्पन्नाचे, अधिवासाचे दाखलेही तसेच. ते छापून वापरता येतात, कारण त्यांच्यावर एक क्रमांक किंवा क्यूआर कोड असतो. समोरचा माणूस तो टाकून मूळ नोंद पोर्टलवर पडताळू शकतो. पुरावा त्या नोंदीत असतो, छापलेल्या सहीत नाही. म्हणून असा कागद देताना क्रमांकाचा भाग झेरॉक्समध्ये कापला जाणार नाही, एवढं पाहा. 'यावर तलाठ्याचा शिक्का आणा' असं कोणी म्हणालं, तर वाद घालण्यापेक्षा तो क्रमांक पोर्टलवर टाकून दाखवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. डिजिलॉकरमध्येही दोन कप्पे आहेत हे विसरू नका. विभागानं थेट जारी केलेली कागदपत्रं २०१७ पासून नियमानुसार मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेली नाहीत.

ई-आधार किंवा असा एखादा दाखला संगणकावर उघडला की बऱ्याचदा सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. लोक घाबरतात, खोटा आहे म्हणतात. तसं नसतं. तुमच्या संगणकावरच्या अ‍ॅडोब रीडरच्या विश्वासू यादीत भारताचं मूळ प्रमाणपत्र असतंच असं नाही, म्हणून तो म्हणतो, 'मी या माणसाला ओळखत नाही.' सहीवर क्लिक करून प्रमाणपत्राची साखळी पाहा. ती परवानाधारक संस्थेतून सीसीए इंडियापर्यंत जात असेल, तर त्याला विश्वासू म्हणून नोंदवा आणि पुन्हा तपासा. हिरवी खूण येईल. साखळी न पाहता आंधळेपणानं 'ट्रस्ट' दाबू नका. लाल फुली आली, किंवा सहीनंतर मजकूर बदलल्याचा संदेश आला, तर तो कागद स्वीकारू नका. हे सगळं मोबाइलवर तपासू नये. बरीचशी मोबाइल अ‍ॅप सही नुसती दाखवतात, पडताळत नाहीत.

सही तांत्रिकदृष्ट्या खरी असूनही कागद परत येऊ शकतो. त्याचं कारण अधिकार. प्रमाणपत्र सांगतं की हा माणूस तोच आहे. त्याला संस्थेच्या वतीनं सही करण्याचा अधिकार आहे का, हे ते सांगत नाही. त्यासाठी ठराव लागतो, अधिकारपत्र लागतं. सचिव बदलले आणि जुन्या सचिवांच्या टोकननं सही झाली, तर सही खरी आणि अर्ज चुकीचा. पदाधिकारी बदलले त्याच आठवड्यात नवा ठराव करा, पोर्टलवर नाव बदला, आणि जुनं प्रमाणपत्र संस्थेच्या नावाचं असेल तर ते रद्द करून घ्या.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. आपल्याकडे टोकन मालकाकडे नसतं. ते हिशेब पाहणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असतं, रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यात, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पिन. मालक वर्षभर ते पाहतही नाही. कायद्याचं कलम ४२ सांगतं, की खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकानं घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर विलंब न करता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचं. आणि कळवेपर्यंतची जबाबदारी तुमचीच. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीनं वापरणाऱ्याला कलम ६६सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो हे खरं, पण ती सही तुम्ही केलीच नव्हती हे पटवून देण्याची धावपळ आधी तुमच्या नशिबी येते. कोऱ्या कागदावर सही करून ठेवू नये, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. पिनसकट दिलेलं टोकन म्हणजे कोऱ्या कागदांचं अख्खं पुस्तक.

ओटीपीचंही तसंच. 'काका, एक ओटीपी आला असेल, सांगून टाका' असं कोणी फोनवर म्हणतं तेव्हा ई-साइनमध्ये तो ओटीपी सांगणं म्हणजेच सही करणं. आधी फाइल मागा, वाचा, समजत नसेल तर मुलीला-नातवाला वाचायला लावा. मग स्वतःच्या हातानं टाका. जुन्या खरेदीखतांवर अंगठ्याशेजारी 'निशाणी डावा अंगठा' लिहून साक्षीदार सही करायचे, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर वाचून दाखवला गेला, याला कोणीतरी साक्षी असावं लागे. ओटीपीला तसा साक्षीदार नाही.

काटोलच्या काकांचं टोकन पुढे आठवड्याभरात आलं. सोबत नातूही आला होता. पत्र मी मोठ्या अक्षरात स्क्रीनवर लावलं, काकांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणी 'संचालक मंडळाच्या' ऐवजी 'मंडळाचा' पडलं होतं ते दाखवलं. दुरुस्त केलं. मग पिनची चौकट आली. "ताई, तुम्हीच टाका, मले नाही जमत," म्हणाले. मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. एकेक आकडा शोधत त्यांनी पिन टाकला. बराच वेळ लागला. पत्राच्या खाली त्यांचं नाव आणि वेळ उमटली तेव्हा नातवानंच मला हाक मारली.